तीन मिनिटांत बसेल एवढं

केंद्राच्या वरच्या मजल्यावर पूर्वी कुणाचं तरी फर्निचरचं गोदाम होतं. तिथेच ताईचा उद्योगवर्ग भरायचा. शाळा सोडलेली, कॉलेज अर्ध्यावर टाकलेली, नोकरीसाठी चपला झिजवून कंटाळलेली मुलं-मुली जिना चढून यायची आणि ताई त्यांना धंदा शिकवायची. मालाची किंमत कशी लावायची, उधारी मागणाऱ्याला न दुखवता नाही कसं म्हणायचं, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून परत फिरलं तर ते का फिरलं हे स्वतःलाच कसं विचारायचं, असलं सगळं. तिचं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान होतं. ते बुडालं, म्हणून तर ती इथे आली. पहिल्याच तासाला ती हे सांगून टाकायची. "पाण्याची खोली बुडालेल्यालाच माहीत असते," असं म्हणायची. मुलं हसायची, आणि तिथून पुढे तिचं ऐकायची.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. तिला सगळे खार म्हणायचे. कुणी फेकलेली बॅग दिसली की ही तिची बक्कलं काढून घ्यायची, पट्टे उसवून घ्यायची, चेनचे रनर पक्कडीनं सोडवून डबीत टाकायची. अशा बारा भानगडी भरलेल्या डब्या तिच्या पिशवीत कायम खुळखुळायच्या. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, बायकांच्या पर्स, काहीही आणा, खार तासाभरात दुरुस्त करून द्यायची. बोलायला फटकळ, हाताला चपळ. पहिल्याच महिन्यात ती ताईला सख्ख्या बहिणीसारखं "अगं ताई" म्हणायला लागली. तिला तसं करू नको म्हणायचं ताईच्या मनात कधी आलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर दोघी बक्कलं निवडत बसल्या होत्या. ताईनं सहज विचारलं, "हे शिवायचं वेड तुला लागलं कुठून गं?"

खारीनं मान वर केली नाही. "बाबांच्या बॅगेवरून. माझे बाबा बस चालवतात ना. आई गेली तेव्हा मी लहान होते. मग बाबा प्यायला लागले. रोज संध्याकाळी. एकदा त्यांच्या हातून ड्युटीची बॅग जिन्यावर पडली आणि पट्टा तुटला. मी तो शिवला. वेडावाकडाच, पण टिकला."

"आणि आता?"

"आता कुठले! केव्हाच सोडली. एक दिवस उठले आणि सोडली, कुणी सांगितलं नाही की काही नाही. आत्या म्हणते, देवानं बुद्धी दिली. मी म्हणते, बाबांनीच स्वतःला दिली." तिनं एक गंजलेलं बक्कल बाजूला टाकलं. "पण ते दिवस आठवतात. प्यायले असले तरी सकाळी बरोबर उठायचे. आंघोळ करायचे, आणि काही न खाता तसेच कामावर जायचे. मी डबा घेऊन दारात उभी असायची. माझ्याकडे बघायचेच नाहीत. लाज वाटायची त्यांना, दुसरं काय."

ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला. केंद्र चालवणारे सर दोन महिने स्वतःचा पगार न घेता दिवस ढकलत होते. माणूस वाईट नव्हता. नुसती दाराची बेल वाजली तरी घरमालक आला की काय म्हणून दचकायचा. देणगी देणारी मंडळी कार्यक्रमाला येणार होती, आणि त्यांचं मन वळलं नाही तर पुढची तुकडी भरणार नव्हती.

"आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत," सर ताईला म्हणाले. "किती मुलं शिकली, किती धंद्याला लागली, ते सगळं जेवणाच्या ताटापाशी विसरतात. गोष्ट लक्षात राहते. आपल्याकडे कुणाची गोष्ट आहे?"

ताईच्या तोंडून खारीचं नाव गेलं.

खार आधी तयारच होईना. "मी काय बोलू? बॅग शिवते, एवढंच."

"तू मला सांगितलंस तेच बोल की."

"ते तुला सांगितलं." तिनं हातातल्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बाबांना विचारते."

दुसऱ्या दिवशी ताईनं विचारलं तेव्हा खारीनं खांदे उडवले. "नाही विचारलं. विचारलं तर नाहीच म्हणतील."

इथे तरी थांबायला हवं होतं, हे ताईला नंतर शंभरदा वाटलं. त्या क्षणी मात्र ती म्हणाली, "सभागृहात काही ते येणार नाहीत. चार भिंतींच्या आत राहील. आणि देणगीदारांकडून तुला शिलाई मशीन मिळण्याची दाट शक्यता आहे, हे लक्षात घे."

मशीनचं नाव निघालं आणि खार विरघळली.

तिनं स्वतः लिहून आणलेलं भाषण साधं आणि लांबलचक होतं. घड्याळ लावून वाचलं तर पाच मिनिटांच्या वर गेलं. प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळणार होती. ताई पेन घेऊन बसली. मुलांच्या जाहिराती आणि दुकानाच्या पाट्या कापून नेटक्या करण्यात तिचा हातखंडा होता. "गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला जागा ठेवा," असं ती नेहमी सांगायची. तिनं आत्याबद्दलचं काढलं, घराबद्दलचं काढलं. मग त्या सकाळच्या ओळींवर आली. "प्यायले असले तरी बरोबर उठायचे", "आंघोळ करायचे", "काही न खाता", आणि पुढचं डब्याचं सगळं वाक्य. वाचायला छान होतं, पण वेळ खात होतं. तिनं त्यावर रेघ ओढली. उरलं ते असं: माझे बाबा बस चालवतात. रोज ते प्यायचे. सकाळी तसेच कामावर जायचे.

खारीनं कागद वाचला. "अगं, डबा गेला?"

"गेला. तीन मिनिटांत बसेल एवढंच ठेवायचं."

"बरं," खार म्हणाली. गुरूनं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

कार्यक्रम दणक्यात झाला. माइकसमोर खार जराही डगमगली नाही. तुटलेल्या पट्ट्याचं सांगताना तिचा आवाज कापला, आणि पहिल्या रांगेतल्या बाईंनी, ज्यांची कापडाची मोठी गिरणी होती, त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्या थांबेनात. शिलाई मशीन मिळालं. पुढच्या तुकडीचीच नव्हे, त्याच्याही पुढच्या तुकडीची सोय झाली. सरांनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले. ताई त्या रात्री खूप दिवसांनी गाढ झोपली.

भाषणाचं चित्रण झालं होतं, हे तिला माहीत होतं. ते सरांनी केंद्राच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं, हे तिला चार दिवसांनी कळलं. त्यावर हजारो लोकांनी बदामाचे शिक्के मारले होते. तिला बरंच वाटलं.

मग खार वर्गाला यायची बंद झाली.

फोन लागेना. तिच्या ओळखीच्या मुलांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघायला लागली. आणि एका दुपारी, वर्ग चालू असतानाच, दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. जिना चढून तिला धाप लागली होती.

"ताई कोण इथे?"

"मीच. या ना, आत या."

"आत कशाला येऊ? मी तिची आत्या." बाईनं सगळ्या वर्गाकडे एकवार नजर फिरवली. "माझ्या भावाच्या हातातून गाडी काढून घेतली. डेपोत प्रत्येकाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ. एका प्रवाशानं तर भर रस्त्यात त्याच्या तोंडासमोर धरला, म्हणे, हे तुम्हीच का? दारू पिऊन बस चालवायचा म्हणे माझा भाऊ! उभ्या आयुष्यात तो कधी पिऊन गाडीवर चढला नाही. घरी प्यायचा. घरी! आम्ही सोसलं ते. लोकांच्या जिवाशी नाही खेळला तो."

ताई हातातला खडू ठेवून पुढे आली. "पण असं कुठं म्हटलंय तिनं?"

"मग 'तसेच कामावर जायचे' म्हणजे काय? तुम्हीच सांगा, शिकलेल्या आहात."

 आत्या ताईच्या उत्तराची वाट बघत थांबली नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली.

ताई तडक सरांच्या खोलीत गेली. सर सगळं ऐकून घेत होते, पण त्यांचे डोळे टेबलावरच्या पेनाच्या टोपणावर होते.

"व्हिडिओ काढून टाकू म्हणता? गिरणीवाल्या बाईंनी तो आपल्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवलाय. विचारतील, का काढला? आपण खोटं दाखवलं असं नाही का वाटणार त्यांना?"

"खोटंच दाखवलं आपण."

"तिनं जे सांगितलं तेच..."

"तिनं सांगितलं ते मी कापलं, सर. माझ्या हातानं कापलं."

सरांनी टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "चाळीस मुलं येणार आहेत पुढच्या तुकडीत," ते पडत्या आवाजात म्हणाले. ते खरंही होतं, आणि तेच ताईला सगळ्यात जास्त लागलं. ती खोलीतून हलली नाही. शेवटी सरांनी तिच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण तीर सुटला होता. तो आता ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये होता, आणि तिथून तो परत कोण आणणार?

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. आई दिवाणावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तुला वाटलं, कागदच कापतेयस." आणि पुढचा टॉवेल उचलला. आणखी काही बोलली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

खारीच्या घरी ती दुसऱ्या दिवशी गेली. दोन खोल्या, स्वच्छ, खिडकीत वाळत घातलेला खाकी शर्ट. दार बाबांनीच उघडलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. ताईनं आपली ओळख सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"चौकशी आहे परवा," ते म्हणाले. "साहेब सरळ आहेत. पण वरून विचारणा आलीय, मग त्यांना करावीच लागणार."

"मी येते. मी सांगते त्यांना, वाक्य माझं होतं."

"या," ते म्हणाले. त्या एका शब्दात ना राग होता ना आशा.

आतल्या दारात खार उभी होती. डोळे सुजलेले. ताई उठून तिच्याकडे गेली, तर ती एक पाऊल मागे सरली.

"तुम्ही कशाला आलात?"

तुम्ही. ताईच्या कानाखाली कुणी वाजवली असती तरी एवढं झोंबलं नसतं.

"मला माफ कर. मला तेव्हा कळलं नाही गं."

"मला कळलं होतं," खार म्हणाली. "डबा गेला तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. पण मशीन पाहिजे होतं ना मला." आणि तिनं दार लोटून घेतलं. मशीन तिनं त्याच आठवड्यात हातगाडीवर घालून केंद्रात परत पाठवून दिलं.

चौकशी डेपोतल्या एका अरुंद खोलीत झाली. भिंतीवर मार्गांचा नकाशा, कोपऱ्यात टायरचा वास, पंखा कुरकुरत होता. साहेब मध्यमवयाचे, चष्मा कपाळावर चढवलेले. ताई रात्रभर मनाशी घोकून आली होती. तिनं सगळं सांगितलं. भाषण मोठं होतं, आपण कापलं, मुलीनं लिहिलेलं असं असं होतं, म्हणत तिनं ती वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. प्यायले असले तरी बरोबर उठायचे. आंघोळ करायचे आणि काही न खाता तसेच कामावर जायचे. मी डबा घेऊन दारात उभी असायची. "तसेच म्हणजे उपाशी, साहेब. प्यायलेले नाही."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "म्हणजे पिऊन गाडी चालवायचे नाहीत."

"नाही."

"पण आदल्या संध्याकाळी प्यायचे, हे खरं."

 ताई विझवायला आली होती आणि तिनं आपल्याच हातानं तेल ओतलं होतं. आतापर्यंत डेपोकडे फक्त एक व्हिडिओ होता. एका पोरीचं बोलणं, रंगवलेलं असेल, म्हणून सोडून देता आलं असतं. आता साक्षीदार होता.

"खरं आहे, साहेब," दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले. "दोन वर्षं. मग सोडली. आज नऊ वर्षं झाली."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग सांगितलं की रक्ततपासण्या होतील, काही महिने निगराणी राहील, आणि तोवर रस्त्यावर गाडी नाही. डेपोच्या आवारात गाड्या लावायचं काम. "माझ्या हातात एवढंच आहे," ते म्हणाले, आणि ते खोटं वाटत नव्हतं. बाहेर आल्यावर बाबांनी ताईला मान लववून निरोप दिला. ती काही बोलणार तोवर ते आवारात चालायला लागले होते.

नवी तुकडी सुरू झाली. चाळीस खुर्च्या भरल्या. एक मुलगी केकचं शिकायला आलेली, दोन भाऊ सायकली भाड्यानं द्यायच्या विचारात, एकाला नक्की काय करायचंय तेच ठाऊक नव्हतं. चांगली मुलं होती. त्यांना शिकवताना ताईचं मन मधेच कुठेतरी जायचं. यातली एकही खुर्ची त्या भाषणाशिवाय इथे नसती, हे तिला विसरता येत नव्हतं, आणि म्हणून खुर्च्यांकडे बघून नीट आनंदही होत नव्हता. खार बाजारातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून हातानं बॅगा शिवते, असं तिच्या कानावर आलं होतं. ती त्या रस्त्यानं जायची टाळायची.

महिन्याभरानं तिला राहवेना. ती डेपोत गेली. धुऊन आलेल्या बसगाड्या रांगेत लावायचं काम चालू होतं. बाबांनी तिला लांबून पाहिलं, गाडी तिच्यापाशी आणून थांबवली आणि दार उघडलं. "चढा. उभ्या राहिलात तर मागचा हॉर्न मारेल."

ती चढली आणि त्यांच्या मागच्या बाकावर बसली. ओल्या रिकाम्या बसमध्ये ती दोघंच. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

"खार कशी आहे?" तिनं विचारलं.

"कामाला जाते. घरी येते. माझ्याशी बोलायला बघते." त्यांनी चाक वळवलं. "मीच बोलत नाही."

"तिच्यावर रागावू नका हो. सगळा दोष माझा."

"राग असता तर बरं होतं. राग उतरतो." त्यांनी गाडी रांगेत नेमकी बसवली, इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. समोरच्या काचेतून पुढच्या बसची मागची बाजू तेवढी दिसत होती. "मला वाटायचं, ती लहान होती, विसरली असेल. एवढी वर्षं मी घरात ताठ मानेनं वावरलो, की त्यातलं पोरीच्या काही लक्षात नाही. आणि तिच्या डोक्यात ती सकाळ रोज आहे. आता तिच्याकडे बघू कसा?"



"ते उपाशी जायचं, आंघोळीचं, डब्याचं, ते व्हिडिओत नव्हतं," ते पुढे म्हणाले. "तुम्ही साहेबांसमोर बोललात तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पोरीनं ते माझ्यासाठी घातलं होतं. सगळ्या भाषणात माझ्या बाजूचं तेवढंच होतं." ते मागे वळले नाहीत. "आणि तुम्ही नेमकं तेवढंच काढलंत."

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. इथे रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते घाईघाईनं पुसलं. "मी काय करू, सांगा."

"काही करू नका. तुम्ही मंडळी कुणाचं तरी भलं करायला धावता आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग वेगळ्याच आवाजात विचारलं, "तिला धंदा जमेल का हो? खरं सांगा. तोंडदेखलं नको."

"जमतोच आहे तिला. मला जमला नाही इतका."

त्यांनी दोनदा मान हलवली. "मग ठीक." मागून खरंच हॉर्न वाजला. "उतरा आता. बाकीचं आमचं आम्ही बघू."

त्यानंतर ताई गेली नाही. सांगितलेलं तेवढं तरी आपण ऐकावं असं तिनं ठरवलं. सरांनी पुढच्या कार्यक्रमासाठी पुन्हा एखादी गोष्ट शोधायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, मुलांचा माल मांडू, भाषणं नकोत. सरांनी कपाळाला हात लावला. त्यावरून दोघांत अजून धुसफूस चालूच आहे, आणि देणगीचं काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही.

पावसाळा गेला आणि मग एकदा औषधाच्या दुकानात आत्या भेटली. ताई नजर चुकवून निघणार, तर तिनंच हाक मारली.

"भावाला गाडी मिळाली परत. जुना मार्ग नाही दिला, पण रस्त्यावर आहे."

"फार बरं झालं," ताई म्हणाली. पुढचं विचारावं की नाही, कळेना. "आणि दोघं? बोलतात?"

"बोलतात?" आत्यानं डोळे मोठे केले. "परवा असे भांडले, असे भांडले की शेजारची माणसं दारात आली. तिनं त्याला सगळं सुनावलं. आई गेल्यापासूनचं, एक नाही ठेवलं. तोही ओरडला, तू जगाला सांगण्याआधी मला का नाही सांगितलंस म्हणून. मी तर स्वयंपाकघरात जाऊन बसले, म्हटलं आता भांडी फुटणार."

"मग?"

"मग काय, दमली दोघं. ती रडली, तो रडला. भाजी करपली ती करपलीच." आत्यानं औषधाची पुडी पिशवीत टाकली आणि ताईकडे जरा वेळ बघितलं. त्या नजरेत माया होती असं नाही, पण पूर्वीचा विस्तवही नव्हता. "तुम्ही मात्र एवढ्यात येऊ नका घरी. पोरगी अजून तुमचं नाव काढू देत नाही."

"नाही येत," ताई म्हणाली.

आत्या रस्ता ओलांडून गेली. ताईनं काउंटरवर आईच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली, आणि दुकानदारानं काय विचारलं ते तिला त्यालाच पुन्हा विचारून घ्यावं लागलं.